बेडरूमच्या फर्निचरचा वास जातो आणि परत येतो: नेमका कुठून येतो ते कसं शोधायचं, आणि नवीन करताना कोणता माल घ्यायचा

मी नाशिकमध्ये फ्लॅटच्या इंटिरियरची कामं बघतो, म्हणजे साईटवर मिस्त्री, पॉलिशवाले, येणारा माल, सगळ्यावर लक्ष ठेवायचं. दरवर्षी एकदा एप्रिलमध्ये ऊन तापलं की आणि मग जुलैत पाऊस बसला की एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "दादा, कपाटाचा वास गेला होता ना, परत यायला लागलाय, सकाळी उठलं की डोळे चुरचुरतात." गोष्ट सगळ्यांची साधारण सारखीच असते. दिवाळीच्या आसपास फर्निचर झालेलं असतं, पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवलेल्या असतात, थंडीत वास जवळजवळ जातो, सगळे निश्चिंत होतात आणि मार्चअखेर तो परत हजर. मग कापूर ठेवून बघतात, कॉफीची वाटी, कडुनिंबाचा पाला, रूम फ्रेशनर, सगळं होतं, आणि वास दोन-चार दिवस दबतो नि परत येतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय, म्हणजे ज्याला त्रास होतोय त्याला क्रमाने तपासता येईल आणि ज्याचं फर्निचर अजून व्हायचंय त्याला आधीच काळजी घेता येईल.

आधी हे परत परत का होतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धे उपाय आपोआप बाद होतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा, एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि प्लाय म्हणजे पातळ पापुद्रे, आणि हे सगळं धरून ठेवतो तो गोंद. स्वस्त मालात हा गोंद बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन असतो. कारखान्यात बोर्ड दाबून तयार झाला तरी त्यात थोडा फॉर्मल्डिहाइड वायू सुटा राहिलेला असतो, तो पहिल्या काही महिन्यांत निघून जातो, आणि "नवीन आहे, जाईल वास" असं दुकानदार जे सांगतो ते या भागापुरतं खरं असतं. पण दुसरा भाग कोणी सांगत नाही. युरियाचा हा गोंद हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतो आणि तुटताना नवीन फॉर्मल्डिहाइड सोडतो, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. त्यात तापमान सात-आठ डिग्रीने वाढलं की बाहेर पडणारा वायू साधारण दुप्पट होतो. आता नाशिकची हवा डोळ्यासमोर आणा, डिसेंबर-जानेवारीत कोरडी कडाक्याची थंडी, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला टेकतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत इतकी ओल. म्हणजे थंडीत वास गेला असं वाटतं ते बोर्ड सुधारला म्हणून नाही, हवा त्याला अनुकूल नव्हती म्हणून. वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेला भिंत असलेल्या बेडरूममधून तक्रारी जास्त येतात त्याचंही कारण हेच, स्लॅब आणि भिंत रात्रीपर्यंत गरम राहते आणि आपण दार-खिडकी लावून झोपतो.

हा वायू साधासुधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी मर्यादा दिली ती घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीवर. हे वाचून रात्रीची झोप घालवू नका, कॅन्सरचा संबंध मुख्यतः जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ, कारखान्यात वगैरे, हा वायू छातीत जाणाऱ्यांशी दिसलेला आहे. घरात रोजचा त्रास असतो तो डोळे चुरचुरणं, नाकात झोंबणं, घसा कोरडा पडणं, खोकला, डोकं जड होणं. घरात तान्हं बाळ असेल, गरोदर बाई असेल, कोणाला दमा असेल तर मात्र "जाईल हळूहळू" म्हणत बसू नका, त्यांना आजच दुसऱ्या खोलीत झोपवा आणि खोकला-दम थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवताना नवीन फर्निचर केल्याचं आवर्जून सांगा. एक खूण बघा, चार दिवस गावी गेलात की त्रास जातो आणि परत येऊन त्या खोलीत झोपलात की दोन दिवसांत सुरू होतो, तर संशय खोलीवरच घ्यायचा.

आता तपासणी. पहिली गोष्ट, वास कोणत्या जातीचा आहे ते ठरवा, कारण बेडरूममध्ये येणारा प्रत्येक वास फॉर्मल्डिहाइडचा नसतो. कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये बरण्यांमध्ये बेडूक ठेवलेले असायचे ना, तो फॉर्मॅलिनचा झोंबणारा, डोळ्यात पाणी आणणारा वास, तसं काही वाटत असेल तर बोर्डाचा गोंद किंवा मेलामाईन पॉलिश. थिनरसारखा, नेलपॉलिशसारखा गोडसर वास असेल तर तो पॉलिशचा किंवा सनमायका चिकटवायच्या पिवळ्या रबर सोल्यूशनचा, हा बऱ्यापैकी हवा खेळती ठेवली की काही आठवड्यांत खरंच कमी होतो. रॉकेलसारखा असेल तर मिस्त्रीने आतून वाळवीचं औषध मारलंय. कुबट, ओल्या पोत्यासारखा असेल तर फर्निचरला दोष देण्याआधी कपाट भिंतीपासून सरकवा किंवा मागची फळी काढून भिंतीला हात लावून बघा, नाशिकमध्ये पावसाच्या दिशेच्या भिंतीतून ओल झिरपते आणि कपाटामागे काळी-हिरवी बुरशी धरते, तिथे सुताराचं काम नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याचं आहे. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, डांबराच्या गोळ्या. साड्यांच्या कपाटात त्या टाकलेल्या असतात आणि गरमीत त्यांचा वास खोलीभर होतो. त्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात, तो पदार्थसुद्धा सतत श्वासात घ्यायचा नाहीच, आणि बाळाचे कपडे किंवा दुपटी त्या गोळ्यांसोबत अजिबात ठेवू नका, काही बाळांमध्ये त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आधी त्या काढून आठवडाभर बघा.

एक सांगून ठेवतो, नाकावर पूर्ण विसंबू नका. त्याच खोलीत राहून नाक सरावतं आणि घरच्यांना काहीच वाटत नाही, बाहेरून आलेल्या पाहुण्याला दारातच कळतं. म्हणून तपासणी बाहेरून दोन-तीन तास फिरून आल्यावर करा, किंवा शेजारच्या काकूंना बोलवा.

जात ठरली की जागा शोधायची. रात्री खोलीच्या खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवा पण कपाटाचे सगळे दरवाजे, ड्रॉवर, बेडचे बॉक्स घट्ट बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापल्यावर एकेक उघडा आणि हाताने हवा नाकाकडे घ्या, डोकं आत घालून जोरात श्वास घेऊ नका. एक उघडलं की पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा, मगच दुसरं, नाहीतर सगळं एकच वाटायला लागतं. जिथे डोळ्याला लगेच लागतं तिथे काहीतरी आहे.

पाथर्डी फाट्याकडच्या एका घरातली तपासणी मला चांगली लक्षात आहे कारण तिथे सगळ्यांचा राग कपाटावर होता. ताई म्हणत होत्या, "दादा, कपाटच काढून टाका, मला नकोच ते." कपाट उघडलं तर त्यात फारसं काही नव्हतं, आतून सगळीकडे लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, लावलेला, कडांना पट्टी व्यवस्थित. मग हायड्रॉलिक बेडची गादी बाजूला करून वरची फळी उचलली आणि ताईंनी लगेच पदर नाकाला लावला. आत तळाला पार्टिकल बोर्ड, वरून पांढरा प्री-लॅम, म्हणजे कारखान्यातच लॅमिनेट चढवलेला, पण कापलेल्या चारही कडा उघड्या, बोट फिरवलं की भुसा बोटाला लागत होता. पंपाचे ब्रॅकेट बसवायला पाडलेली भोकं तशीच, एक भोक चुकीच्या जागी पाडून सोडून दिलेलं, आणि खालची बाजू जमिनीकडे तोंड करून, पूर्ण उघडी, काहीच लावलेलं नाही. त्यावर घडी घालून ठेवलेल्या दोन गोधड्या आणि पाहुण्यांच्या चादरी, त्या सगळ्यांना तोच वास. आणि या पेटीवर रोज रात्री आठ तास माणूस झोपतो, तोंडापासून हातभर अंतरावर. वरून सगळं गुळगुळीत दिसत असताना बेड कोणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून मी आता पहिल्यांदा बेडचा बॉक्स उघडायला सांगतो, मग साइड टेबलच्या ड्रॉवरचे तळ, मग कपाटाची मागची सहा मिमीची फळी आणि सगळ्यात शेवटी कपाटाचे दरवाजे, कारण दरवाजे दोन्हीकडून सनमायका लावलेले असतात.

संशय आलाय पण खात्री नाही, तर किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. उघड्या कडेवर आणि भोकांवर फॉइल ठेवून चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करा, सगळ्या उघड्या जागा झाका, आणि दोन-तीन दिवस थांबा. बॉक्स बंद ठेवून उघडल्यावर वास स्पष्ट कमी झाला असेल तर उगम सापडला आणि उपायही सापडला, कारण फॉइलने जे केलं तेच पक्कं करायचंय.

पक्कं करायचं म्हणजे बोर्डाच्या सहाही बाजू बंद करायच्या, दिसणाऱ्या दोनच नाही. बोर्डाचा मोठा पृष्ठभाग लॅमिनेटने बंद होतो पण कडा सच्छिद्र असतात आणि वायू तिथून जास्त सुटतो, आणि ओलही तिथूनच आत जाते, म्हणजे दुहेरी नुकसान. सरळ कडांना पीव्हीसीची एज-बँड पट्टी, शक्यतो मशीनवर गरम गोंदाने लावलेली. आतल्या मोठ्या उघड्या बाजूंना ०.७-०.८ मिमीचा लायनर, पांढऱ्या फेविकॉलने दाबून चिकटवलेला. जिथे पट्टी बसत नाही, म्हणजे भोकं, खाचा, बिजागरीचे गोल खड्डे, मागच्या फळीची कड, तिथे लाखेच्या पॉलिशचे, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून करतात त्याचे, दोन-तीन हात ब्रशने. स्पिरिटचा वास एक-दोन दिवसांत जातो आणि मागे राहतो तो लाखेचा थर. किंवा पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) सीलर. बिनकामाची भोकं लाकडी खुंटी किंवा पुट्टीने बुजवून त्यावर हात मारायचा. आणि हे काम पावसाळ्यात करू नका, ओल प्यायलेला बोर्ड तसाच बंद केला तर तो फुगतो आणि पट्टी सुटते. नाशिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यासाठी सगळ्यात चांगला काळ, नेमका तेव्हा वास नसतो म्हणून लोक विसरून जातात, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तोपर्यंत तात्पुरतं काय, तर गरमीच्या दिवसात बाहेर कामावर जाताना कपाटाचे दरवाजे, बेडचा बॉक्स उघडा टाकून खिडक्यांना जाळी लावून उघड्या ठेवा आणि संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंख्याने खोलीतली हवा बाहेर ढकला. झोपायच्या आधी अर्धा तास तरी हे कराच. पावसाळ्यात डिह्युमिडिफायर असेल किंवा एसी ड्राय मोडवर असेल तर ओल कमी होऊन फरक पडतो, पण एक लक्षात घ्या, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. एसी लावून रात्रभर बंद खोलीत झोपलं तर वायू आतच साठत राहतो.

गोधड्या, पडदे, चादरी, गादीची खोळ, या सगळ्यांनी तो वायू पिऊन ठेवलेला असतो आणि नंतर हळूहळू सोडतात. बोर्ड बंद केल्यावरही आठवडाभर वास वाटला तर तो इथून असतो. सुदैवाने फॉर्मल्डिहाइड पाण्यात चटकन विरघळतो, तेव्हा धुण्यासारखं सगळं धुवा, न धुण्यासारखं गच्चीवर वारा-उन्हात टाका.

काय उपयोगाचं नाही तेही सांगतो कारण लोकांचे पैसे यात जातात. साधा एअर प्युरिफायर, ज्यात नुसता हेपा फिल्टर आहे, तो धूळ पकडतो, वायू नाही. साधा कार्बन फिल्टर थिनरसारखे वास बऱ्यापैकी धरतो पण फॉर्मल्डिहाइडचा रेणू फार लहान, तो त्यात नीट थांबत नाही, त्यासाठी रसायन मुरवलेला खास कार्बन लागतो आणि तोही ठरावीक काळाने बदलावा लागतो. कोळशाच्या छोट्या पिशव्या मिळतात त्यांच्याकडून तर काही अपेक्षा ठेवू नका. कुंड्यांचं म्हणाल, तर नासाचा १९८९ चा अभ्यास सगळे सांगतात, पण तो लहानशा हवाबंद पेटीतला होता. पुढे २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशोब मांडला गेला तेव्हा निघालं की साध्या घरातल्या हवेच्या येण्या-जाण्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. मनीप्लांट लावा, छान दिसतो, पण वासासाठी नको. अगरबत्ती, धूप आणि मच्छरची कॉइल यांच्या धुरात स्वतःचंच फॉर्मल्डिहाइड असतं. २००३ च्या एका अभ्यासात एक मच्छर कॉइल पूर्ण जळल्यावर ५१ सिगारेटींइतकं फॉर्मल्डिहाइड निघू शकतं असं दिसलं होतं. देवघरातली उदबत्ती देवघरात, पण बेडरूमचा वास मारायला धूप फिरवणं आणि मग दार लावून झोपणं हे खरंच बंद करा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटरसुद्धा सांभाळून वापरा, हाताला सॅनिटायझर लावून जवळ गेलात किंवा अत्तर फवारलं तरी आकडा उडी मारतो. सकाळ-दुपार तुलना करायला ठीक, त्यावरच्या आकड्यावरून दुकानदाराशी भांडायला नाही.

कधी दुरुस्तीचा नाद सोडायचा? बोर्ड फुगलाय, कडा उलल्यात, स्क्रू धरत नाहीत, किंवा बंद करूनही पुढच्या उन्हाळ्यात डोळे तसेच चुरचुरतात, तर तेवढा भाग बदला. पूर्ण बेड फेकायची गरज नसते, बॉक्सचा तळ आणि वरच्या फळ्या चांगल्या प्लायच्या केल्या तरी बहुतेक वेळा काम होतं.

आता नवीन घेताना. इथे सगळ्यात मोठा घोळ ग्रेडचा आहे. मिस्त्री म्हणतो "सेव्हन टेन वापरतो, टेन्शन नाही." आयएस म्हणजे भारतीय मानक, त्यात आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, ज्यात एमआर म्हणजे आपण ज्याला कमर्शियल म्हणतो तो आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी सहन करणारा. हे आकडे मुख्यतः गोंद पाण्यात किती टिकतो ते सांगतात. पण त्यात आपल्या फायद्याची एक गोष्ट दडलेली आहे, मरीन प्लाय फिनॉल-फॉर्मल्डिहाइडने चिकटवतात, आणि नावात फॉर्मल्डिहाइड असलं तरी हा गोंद पाण्याने तुटत नाही, म्हणून त्यातून वायू खूपच कमी सुटतो. कापलेल्या कडेकडे बघा, पापुद्र्यांमधल्या रेघा गडद तांबूस-तपकिरी असतील तर फिनॉल, फिक्या किंवा पांढुरक्या असतील तर बहुधा युरिया. रंग मिसळून फसवणारेही आहेत त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका, प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो फोनमधल्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव आणि माल जुळतो का ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

वायूसाठी वेगळा प्रश्न विचारायचा, "ई-१ आहे की ई-०?" ई-१ म्हणजे युरोपातली पद्धत, चाचणीच्या पेटीतल्या हवेत फॉर्मल्डिहाइड घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त होता कामा नये. ई-२ त्याहून बराच जास्त सोडतो, बेडरूमला नकोच. ई-० हा शब्द बाजारात सगळे वापरतात पण त्याची व्याख्या कंपनीगणिक थोडी बदलते, म्हणून आकडा मागा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या कार्ब फेज २ नियमात प्लायला ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), पार्टिकल बोर्डला ०.०९ आणि एमडीएफला ०.११ अशी मर्यादा आहे, निर्यातीचं फर्निचर बनवणाऱ्यांच्या मालावर हा उल्लेख सापडतो. युरोपने तर फर्निचरसाठी मर्यादा निम्मी केली आहे, ०.०६२ मिलिग्रॅम, ६ ऑगस्ट २०२६ पासून. म्हणजे ई-१ ही किमान अट धरा, फार मोठी कमाई नव्हे. दुकानदार म्हणेल "साहेब, ई-झीरोच आहे", तर शांतपणे म्हणायचं, "हो, मग टेस्ट रिपोर्टचा फोटो पाठवा." रिपोर्टवर लॅबचं नाव, तारीख, बोर्डाची जाडी आणि आकडा हवा. ज्याच्याकडे खरंच असतो तो पाठवतो.

हिरव्या रंगाचा एमडीएफ आणि एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घनतेचा, ओलावा सहन करणारा बोर्ड, याबद्दलही गैरसमज आहे. एमडीएफ आतून हिरवा असतो तो ओलावा सहन करणारा आहे हे ओळखायला रंग टाकलेला असतो, पर्यावरणाचा त्याच्याशी संबंध नाही. एचडीएचएमआर मजबूत आहे, कमी फुगतो, मी स्वतः वॉर्डरोबच्या दरवाजांना सुचवतो, पण त्यालाही ई-१, ई-० विचारावंच लागतं. तुकड्यावरून अंदाज घ्यायचा असेल तर मिस्त्रीकडून वेगवेगळ्या बोर्डांचे बोटभर तुकडे मागा, प्रत्येक तुकडा स्वच्छ काचेच्या बरणीत टाका, सोबत ओल्या कापसाचा बोळा तुकड्याला न टेकता ठेवा, झाकण घट्ट लावून दिवसभर उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि संध्याकाळी एकेक उघडून हवा नाकाकडे घ्या. एक बरणी नुसत्या कापसाची ठेवा तुलनेला. ही काही लॅबची चाचणी नाही, पण वाईट बोर्ड यातून लपत नाही.

बोर्डच नको असेल तर दोन चांगले रस्ते आहेत. एक म्हणजे लोखंडी कपाट, पावडर कोटिंग कारखान्यातच भट्टीत भाजून पक्कं झालेलं असतं, घरी आल्यावर जवळजवळ काही सोडत नाही. लोक म्हणतात बेडरूमला शोभत नाही, पण आता बरे रंग मिळतात, आणि लहान मुलांच्या खोलीसाठी माझी पहिली पसंती तीच. दुसरं म्हणजे भरीव लाकूड. त्यातूनही नैसर्गिकरीत्या किंचित फॉर्मल्डिहाइड निघतो पण तो नगण्य. जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडे उतरवतात तेव्हा सागाचे खांब, तुळया, दारं निघतात, असं मुरलेलं लाकूड नवीन घ्यायला गेलं तर परवडणार नाही, त्याचा पलंग पिढ्या काढतो. फक्त त्यावर जुन्या ऑइल पेंटचे थर असतील तर ते घरात घासू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता भरपूर, आणि त्याची धूळ मुलांना फार वाईट. वखारीतच रंधा मारून, साफ करून घरी आणायचं.

चांगलं लाकूड घेऊन त्यावर मेलामाईन पॉलिश मारलं तर पुन्हा तेच, कारण हे पॉलिश सुकताना आणि नंतरही काही आठवडे फॉर्मल्डिहाइड सोडतं. चमक छान येते म्हणून पॉलिशवाले तेच सुचवतात. बेडरूमला पाण्यावरचं पीयू, नाहीतर लाखेचं किंवा जवसाच्या तेलाचं फिनिश घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवायच्या. सॉल्व्हंटचं पीयू स्प्रे करायचं असेल तर गच्चीवर किंवा मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये, राहत्या घरात नाही.

हेडबोर्डचं थोडक्यात, रेक्झिनऐवजी सुती किंवा ज्यूटचं कापड, मागे प्लाय, आणि फोम रबर सोल्यूशनने चिकटवण्याऐवजी स्टेपल केलेला. गादी पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची असेल तर वासाचा प्रश्नच नाही. फोमची घेतलीत तर पॅकिंग फोडून तीन-चार दिवस मोकळ्या खोलीत उभी ठेवा, मग वापरा.

शेवटचं, मिस्त्रीशी काम ठरवतानाच हे बोलून घ्या आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. मी असं लिहितो, तुम्ही तसंच्या तसं घेऊ शकता: "बेडचा बॉक्स, तळ आणि वरच्या फळ्या आयएस ७१० प्लाय, शिक्का आणि लायसन्स नंबरसह. बाकी बोर्ड ई-१ किंवा त्याहून चांगला, टेस्ट रिपोर्ट काम सुरू व्हायच्या आधी. सर्व फळ्यांच्या सहाही बाजू, ड्रॉवरचे तळ आणि मागच्या फळीसह, लॅमिनेट, लायनर किंवा सीलरने बंद. बिनवापराची भोकं बुजवलेली. मेलामाईन पॉलिश नाही. वाळवीचं औषध रॉकेलमध्ये नाही, गरज असल्यास बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं." मिस्त्री म्हणेल, "मागची बाजू कोण बघतंय साहेब, उगाच लायनर वाया." त्याला मजुरीचा आणि लायनरचा वाढीव खर्च वेगळा दाखवायला सांगा आणि तो द्या, पूर्ण बेडच्या खर्चात तो फार नसतो. पैसे टप्प्याने देत असाल तर एक टप्पा फळ्या जोडायच्या आधी ठेवा, म्हणजे बोर्ड सुटे असताना चारही कडा आणि खालची बाजू तुम्हाला स्वतः हात फिरवून बघता येतील.